नववी-दहावीच्या मुलांचा ताण कसा हलका करावा : पुण्यातल्या पालकांसाठी

आमच्या घरात आधी मुलीची आणि मग मुलाची, अशा दोन दहाव्या होऊन गेल्या. तेव्हापासून सोसायटीतले आणि ओळखीतले पालक विचारायला येतात. प्रश्न साधारण सारखेच असतात. "हल्ली ती बोलतच नाही." "पुस्तक घेऊन बसतो, पण डोक्यात काही शिरत नाही." "रोज सकाळी पोट दुखतं म्हणते आणि डॉक्टर म्हणतात काही नाही." त्यांना मी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

मूल ताणात दिसलं की आपण त्याच्या दिवसात आणखी काहीतरी घालतो. आणखी एक क्लास, योगवर्ग, एखादं प्रेरणादायी व्याख्यान, पहाटे उठण्याचा नेम. मुलाला मात्र आधी जागा हवी असते. म्हणून या लेखात घालण्याआधी काढायचं काय, याचाच विचार जास्त आहे. परीक्षेचे तपशील राज्य मंडळाचे आहेत. सीबीएसई-आयसीएसईच्या पालकांनी तेवढे सोडून बाकीचं वापरावं.

हाताशी काय ठेवाल

- शाळेचं आणि प्रत्येक क्लासचं वेळापत्रक
- एक वही. झोप, जेवण, दुखणीखुपणी यांच्या नोंदींसाठी, पालकांनी ठेवायची
- गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं
- डोळ्यांचा ताजा तपासणी अहवाल. डोकेदुखीचं कारण कित्येकदा चष्म्यात निघतं
- फोनमध्ये तीन नंबर : टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६, चाइल्डलाइन (मुलांसाठीची हेल्पलाइन) १०९८ आणि वर्गशिक्षकांचा

१. आठवडा कागदावर मांडा

रविवारी दुपारी मुलाला बरोबर घेऊन बसा आणि एका मोठ्या कागदावर सोमवार ते रविवार आखा. झोप, शाळा, क्लास, प्रवास, शाळा-क्लासचा गृहपाठ, स्वतःचा अभ्यास, मोकळा वेळ. प्रत्येकाला वेगळा रंग. मूल सांगेल तसंच भरा, मध्येच दुरुस्त्या करू नका.

नमुन्यादाखल धायरीत राहणाऱ्या आणि सकाळची शाळा असलेल्या नववीतल्या मुलीचा मंगळवार घ्या. पावणेसहाला उठणं. सातला शाळा. साडेबाराला सुटली की घरी येऊन जेवेपर्यंत दीड. तीनला निघायचं, कारण क्लास कर्वे रस्त्याला चारला. सिंहगड रस्ता, राजाराम पूल, पुढे कर्वेनगर. क्लास सातपर्यंत. परतताना सगळा रस्ता वाहनांनी भरलेला, म्हणून घरी पोहोचायला आठ. दप्तर टाकलं की क्लासचा गृहपाठ, साडेनऊला जेवण, मग शाळेच्या वह्या पूर्ण करणं. पाठ टेकते तेव्हा पावणेबारा झालेले असतात. म्हणजे झोप सहा तास.

आता त्या कागदावर स्वतःच्या अभ्यासाचा रंग शोधा. कोणी काही सांगत नाहीये, गृहपाठ नाही, मूल स्वतः धडा उघडून समजून घेतंय, असा वेळ. या मंगळवारी तो कुठेच नाही. दिवसभर अभ्यासात बुडालेल्या मुलीला अभ्यासाला वेळच मिळत नाही, आणि "एवढं करूनही मला येत नाही" असं वाटायला इथूनच सुरुवात होते. तिचा ताण खरा आहे आणि त्याचं कारण या कागदावर दिसतं.

हा कागद पंधरा दिवस फ्रिजवर राहू द्या. त्यावरून मुलाला बोलू नका. घरातली मोठी माणसं येता-जाता तो बघतात आणि निम्मं काम तिथेच होतं.

२. एक गोष्ट काढा, पण खेळ नाही

बहुतेक घरांत पहिली कुऱ्हाड खेळावर, तबल्यावर, नाचाच्या क्लासवर पडते. कृपा करून तिथून सुरुवात करू नका. दिवसातला तोच एक तास असा असतो, ज्यात मुलाला कोणी गुण देत नाही.

आधी बघा, एकाच विषयाची शिकवणी दोनदा होते आहे का. शाळेत गणित, क्लासला गणित आणि शनिवारी "डाउट बॅच"मध्ये पुन्हा गणित. यातलं एक जाऊ शकतं. नववीपासूनच जेईई-नीटच्या फाउंडेशन बॅचला घातलं असेल, तर मुलाला ते खरोखर हवं आहे का, हे त्याच्याच तोंडून ऐका. पालकांच्या गप्पांत ती बॅच अगदी आवश्यक वाटते. पण अकरावी-बारावीचा अभ्यास त्या-त्या वर्षी करता येतो, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

इथला सापळा फीचा. "वर्षाचे पैसे भरलेत, आता सोडायचा कसा?" भरलेले पैसे गेलेले असतात. मूल तिथे रोज जाऊन बसलं म्हणून ते परत येत नाहीत. क्लासवाल्यांशी एकदा बोला, बॅच बदलून किंवा फक्त पेपर सोडवण्यापुरतं येऊ देतात का ते विचारा. नाही म्हणाले तरी निर्णय मुलाच्या झोपेकडे बघून घ्या.

दुसरा प्रश्न ढोल पथकाचा, तो पुण्यात दर पावसाळ्यात येतो. सराव संध्याकाळी आणि त्याच सुमारास घटक चाचणी. नववीत मी तरी मुलाला जाऊ दिलं. दहावीत त्याच्याशीच ठरवून दिवस कमी केले. दिवस त्याने निवडले म्हणून ते पाळलेही गेले. दिवाळीत किल्ला करायचा असेल तर करू द्या. मातीत हात घातलेल्या दोन दिवसांनी दहावी बुडत नाही.

३. झोप आधी, अभ्यास नंतर

तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे रात्री दहाला डोळा लागत नाही आणि पहाटे उठवत नाही. मूल आळशी झालेलं नसतं, शरीराचं घड्याळ पुढे सरकलेलं असतं. म्हणून "पहाटे पाचला उठून पाठांतर कर" हा आपल्या पिढीचा सल्ला साडेअकराला झोपणाऱ्या मुलाला देऊ नका. पाठ केलेलं लक्षात टिकण्यासाठीही झोप लागते.

घरातले सगळे फोन, आईबाबांचेसुद्धा, रात्री ठरल्या वेळी हॉलमध्ये चार्जिंगला लागले पाहिजेत. फक्त मुलाचा काढून घेतलात तर भांडण होईल, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. उठवायला जुनं गजराचं घड्याळ आणा. रविवारी उशिरा उठू द्या, पण रोजच्यापेक्षा फार तर दोन तास. दुपारी झोपायचं तर वीस-पंचवीस मिनिटं. संध्याकाळनंतर कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद.

४. बोलायची जागा शोधा

समोर बसवून "तुला काय टेन्शन आहे?" असं विचारलं की या वयाचं मूल "काही नाही" म्हणतं. स्कूटरवर मागे बसलेलं मूल बोलतं. चेहरा दिसत नाही, रस्ता चालू असतो, उत्तराची घाई नसते. आमच्याकडची बरीच महत्त्वाची वाक्यं म्हात्रे पुलावरच्या सिग्नलला मागून ऐकू आली आहेत. ज्यांना स्कूटर नको त्यांनी संध्याकाळी तळजाईला किंवा हनुमान टेकडीला एक फेरी मारावी. मात्र तिथे अभ्यासाचा विषय आपण काढायचा नाही.

मूल बोललं की काय म्हणावं, हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. "आई, मला नाही जमणार" असं म्हणालं तर आपल्या तोंडून पटकन निघतं, "असं बोलायचं नाही, तू हुशार आहेस." तिथे बोलणं संपतं. त्याऐवजी विचारा, "सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" आणि थांबा. उत्तर ऐकून तोडगा लगेच सांगू नका. "हं, अवघड आहे खरं," एवढं पुरतं. भूमितीच्या भीतीपासून सुरू झालेलं बोलणं मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलं, सर सगळ्यांसमोर बोलले, वजनावरून चिडवतात, असं कुठेही पोहोचू शकतं. ताण नेहमी अभ्यासाचाच असतो असं धरून चालू नका.

घरात एक नियम करा. जेवताना गुण, पोर्शन, क्लास हे विषय नाहीत. अभ्यासाची चौकशी रविवारी ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं. बाकी आठवडा मूल समोरून गेलं की "झाला का धडा?" बंद.

नातेवाइकांशी तुम्ही बोला. "काय मग, किती टक्क्यांचं टार्गेट?" असं काका-मावशींनी विचारलं की उत्तर आईबाबांनी द्यायचं : "ती करतेय नीट. तुम्ही चहा घ्या." मुलाला त्या प्रश्नासमोर एकटं सोडायचं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे इतरांचे गुणही घरात वाचून दाखवू नका.

५. परीक्षेचं गणित मुलासमोर उघडून ठेवा

भीती बरीचशी धूसरपणाची असते. म्हणून एका संध्याकाळी बसून हे लिहून काढा.

दहावीला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण. भाषांना ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण शाळेकडचे. गणित आणि विज्ञानाचे दोन-दोन भाग, प्रत्येक भाग ४० गुणांचा, आणि २० गुण अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे. इतिहास-राज्यशास्त्र ४०, भूगोल ४०, अंतर्गत २०. म्हणजे प्रत्येक विषयातले २० गुण वर्षभराच्या वह्या, तोंडी आणि प्रात्यक्षिकांत आहेत. ते वेळेत पूर्ण झाले की फेब्रुवारीतलं ओझं कमी होतं. दिवाळीपर्यंतचं काम दिवाळीपूर्वीच हातावेगळं करून घ्या.

टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर, ५०० पैकी निघते. अकरावीच्या प्रवेशाला हेच गुण धरतात. याचा अर्थ मुलाला नीट समजावा : ज्या विषयाने झोप उडवली आहे त्यात उत्तीर्ण व्हायचं आहे, म्हणजे ३५. तो विषय टक्केवारीतून बाहेर राहू शकतो. गणिताने घाबरलेल्या मुलांचे खांदे हे ऐकून खाली येताना मी पाहिले आहेत. मात्र पुढे गणित लागणाऱ्या शाखेला जायचं असेल, तर तो विषय असा बाजूला सारता येत नाही.

चौकाचौकात "१०० टक्के" असे फलक लागतात. त्यात सर्वोत्तम पाचचा नियम असतो आणि बऱ्याचदा चित्रकला, क्रीडा यांचे वाढीव गुणही असतात. हे मुलांना माहीत नसतं. ती तो आकडा बघून स्वतःला मोजत बसतात. तेव्हा सांगून टाका.

२०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. सराव करताना ती धरू नका, म्हणजे परीक्षेत ती जास्तीची वाटतात. अप्पा बळवंत चौकातून प्रश्नपत्रिकांचा एकच संच आणा. तीन प्रकाशनांचे तीन संच आणले की तिन्ही अर्धवट राहतात आणि टेबलावरचा तो ढीगच मुलाला खायला उठतो.

६. ताण अंगात चढतो तेव्हा

छातीत धडधड, हात गार, पेपर बघून सगळं कोरं. यावर साधा उपाय : नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. पाय जमिनीवर घट्ट टेकलेले. घरी शांत असताना रोज केलं तरच परीक्षागृहात आठवतं. पेपर कोरा वाटला तर येणारा सगळ्यात छोटा प्रश्न शोधून तो लिहायला घ्यायचा. हात चालू लागला की डोकंही चालतं.

सोमवारी पोटदुखी आणि रविवारी ठणठणीत, असं दिसलं की "नाटक" म्हणू नका. पोट खरंच दुखत असतं. एकदा डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासून घ्या आणि वहीत दिवस लिहीत जा. शाळेतल्या कोणत्या तासाशी ते जुळतं, ते दोन आठवड्यांत कळतं.

७. बाहेरची मदत कधी आणि कुठे

हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर थांबू नका : झोप किंवा भूक पार बदलली आहे, आवडती गोष्टही नकोशी झाली आहे, मित्र सुटले, शाळेत जायला रोज नकार, सतत रडू किंवा राग, गुण अचानक घसरले.

आणि यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा : "मी नसले तर बरं" असं बोलणं, स्वतःला इजा करून घेतल्याच्या खुणा, जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, निरोपासारखे मेसेज. मुलाला शांतपणे आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी ऐकायला तयार आहे, हे कळतं. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयात जा.

पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलाला आपल्याशी बोलायचं नसेल तर हा नंबर त्याच्या फोनमध्येही घालून द्या. 'कनेक्टिंग' ही पुण्यातली संस्था आत्महत्या रोखण्यासाठीच काम करते. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचं पुण्यातही केंद्र आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी मंडळही विद्यार्थ्यांसाठी समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं.

कोणाकडे जायचं यात गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशकाची पाटी लावणाऱ्यांचं शिक्षण फार वेगवेगळं असतं, म्हणून पदवी विचारायला संकोच करू नका.

पहिल्या भेटीला नोंदींची वही, प्रगतिपुस्तकं, चालू औषधांची यादी आणि आधीचे तपासणी अहवाल न्या. मुलाला आत एकट्याने बोलू द्या आणि बाहेर आल्यावर "काय विचारलं?" म्हणून खोदू नका. औषध सुरू झालं तर "आता बरी दिसते" म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

सापळे इथेही आहेत. बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि कल सांगणाऱ्या चाचण्या चांगल्या चांगल्या शाळांतूनही विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, पैसे घालवू नका. कल तपासायचाच असेल तर ज्ञान प्रबोधिनीच्या प्रज्ञा मानस संशोधिकेसारख्या ठिकाणी मानसशास्त्रीय चाचण्या होतात. पण त्या घाबरलेल्या मुलाला जानेवारीत नेऊन करायच्या नसतात.

तोंडी सगळं येतं आणि लिहिताना अक्षरं, आकडे उलटसुलट होतात, वाचन फार सावकाश, असं लहानपणापासून असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जास्त मिळतात आणि लेखनिकासारख्या सवलतीही असतात. आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचं पत्र, जुनी प्रगतिपुस्तकं आणि दोन-चार वह्या जवळ ठेवा. प्रमाणपत्र शासकीय यंत्रणेचं लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो. याला महिने लागतात, म्हणून नववीतच सुरुवात करा.

८. परीक्षेचे दिवस

केंद्र आधी एकदा बघून या. सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो, साडेदहाला तिथे हवं. हॉल तिकिटाची झेरॉक्स घरी ठेवा. गेटवर पुस्तक उघडून उभं राहू देऊ नका. पेपर झाल्यावर उत्तरं ताडून बघायची नाहीत, घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं.

९. निकालाआधीचं बोलणं

निकालाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधीच मुलाशी बोला : कमी पडले तर काय काय करता येतं.

एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीला प्रवेश मिळू शकतो. पुरवणी परीक्षा त्याच पावसाळ्यात होते आणि तिचा अर्ज शाळेतून भरतात. गुण अनपेक्षित वाटले तर गुणपडताळणी मागता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि दोन्हींना मुदत असते. म्हणून निकालादिवशीच मंडळाच्या संकेतस्थळावरच्या तारखा लिहून घ्या. निकाल मुलाने स्वतः, त्याला हव्या त्या माणसाबरोबर बघावा. गुण कोणाला आणि कधी सांगायचे, तेही त्यानेच ठरवावं. फोन तुम्ही घ्या.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आणि त्यात दहा पसंतीक्रम देता आले. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांत थांबवून ठेवतात. म्हणून पहिल्या क्रमांकावर केवळ नाव मोठं म्हणून कॉलेज टाकू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा आणि अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या वेळेला घरातून पीएमपीने मुलाबरोबर एकदा तिथपर्यंत जाऊन या.